बाळंतपण कोण करणार?

"आम्ही दोघं लीड्सजवळ राहतो. पहिलंच बाळ, तारीख नोव्हेंबरच्या मध्यावरची. सासूबाई येते म्हणतात, माझी आईही येते म्हणते, आणि घर एका बेडरूमचं. बायको म्हणते, कुणीच नको, आपण दोघं बघू. हॉस्पिटलात काय काय होईल ते मिडवाइफनं नीट सांगितलंय. मला भीती वाटते ती घरी आल्यानंतरची. काय करावं?"

तुमची भीती बरोबर जागी आहे. मराठीत बाई बाळंत होते आणि तिचं बाळंतपण दुसरं कुणीतरी करतं. "धाकटीची दोन्ही बाळंतपणं मीच केली," असं एखादी मावशी सांगते, तेव्हा ती लेबर रूमबद्दल बोलत नसते. सकाळची पेज, अंघोळीचं कढत पाणी, रात्री अडीचला बाळ खांद्यावर घेऊन येरझाऱ्या, भेटायला आलेल्यांना चहा पाजून वाटेला लावणं, हे सगळं ती सांगत असते. इंग्लंडमधली व्यवस्था पहिलं काम चोख करते. दुसऱ्यासाठी तिच्याकडे माणूसच नाही. सगळं सुरळीत झालं तर बाळ जन्मल्यावर सहा तासांतसुद्धा घरी पाठवतात, सिझेरियन असेल तर दोन-तीन दिवसांत. तुम्ही बाळाचं कार सीट हातात धरून दाराशी उभे असता आणि आत पेज टाकलेली नसते.

तेव्हा बाळंतपण तुम्ही करायचं आहे. सासूबाई आल्या तरी, न आल्या तरी.

आधी त्यांचं बोलू. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. माहेरी जाता येत नसेल तर माहेरानं इकडे यावं, म्हणून आधी सासूबाई. तुमच्या आईला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बोलवा, तेव्हा बाळ हसायला लागलेलं असतं आणि आजीला खरी मजा तेव्हाच येते. दोघी एकदम एका बेडरूमच्या घरात, हे कृपा करून करू नका. माझ्या मैत्रिणीनं केलं होतं; बाळ कमी रडलं, तीच जास्त रडली. "कुणीच नको" म्हणणाऱ्या बायकोला पुन्हा एकदा शांतपणे विचारा, की तिला आई नकोय की आईची शिस्त नकोय. बहुतेक वेळा दुसरं असतं.

तिकीट तारखेला चिकटून काढू नका. बरोबर दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, त्यामुळे तारखेनंतर आठवड्या-दीड आठवड्यानं आलेल्या सासूबाई तुमच्या जास्त उपयोगाच्या. पहिला आठवडा तुम्ही सुट्टीवर असताच. आणि त्यांचा प्रवासविमा विसरू नका, साठीतल्या बाईचं इथलं हॉस्पिटलचं बिल विम्याशिवाय झेपणारं नसतं.

सुट्टीवरून आठवलं. वडिलांची कायदेशीर रजा दोन आठवड्यांची. एप्रिल 2024 पासून ती एकेक आठवड्याचे दोन तुकडे करून बाळ वर्षाचं होईपर्यंत कधीही घेता येते. मी तुमच्या जागी असते तर एक आठवडा जन्माच्या वेळी घेतला असता आणि दुसरा सासूबाईंचं परतीचं विमान उडेल त्या दिवसापासून. घर सगळ्यात रिकामं वाटतं ते त्या आठवड्यात.

आता कळा. हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. फोन तुम्ही लावाल, पण मिडवाइफ तुमच्या बायकोलाच द्या म्हणेल. तिला कळ आल्यावर आवाज कसा बदलतो ते ऐकायचं असतं. दहा मिनिटांत तीन कळा, प्रत्येक पाऊण-एक मिनिट टिकणारी, असं झालं की या म्हणतात. पाणमोट फुटली, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली, तर कळांची वाट न बघता त्या क्षणी फोन करायचा, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत.

पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या कळा दिवस-दोन दिवस रेंगाळू शकतात, त्यामुळे जाऊन परत येणं अगदी नेहमीचं. मला दोनदा घरी पाठवलं होतं. दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा आई साताऱ्याहून फोनवर कडाडली, "अगं, अशा अवस्थेत परत पाठवतात? माणसं आहेत का कोण?" गर्भपिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं आणि कळा नियमित झाल्या की मगच इथे खरी प्रसूती सुरू झाली असं धरतात. तिथून पुढे पहिल्या वेळी साधारण आठ ते अठरा तास. त्याआधी घरी कोमट पाण्यात बसणं, चालणं, खाणं हेच बरं. मऊ भात, तूप, मेतकूट थर्मासमध्ये भरून न्या. बाळ झाल्यावर इथे चहा आणि टोस्ट देतात. त्या टोस्टचं इंग्रज बायका आयुष्यभर कौतुक करतात. मला मात्र त्या क्षणी आईच्या हातचा शिरा आठवून रडू आलं होतं.

एक काम लेबर रूममध्ये फक्त तुम्हीच करू शकता. आपल्या मुली दुखणं गिळतात. मला मिडवाइफनं विचारलं, दहापैकी किती दुखतंय? मी दात आवळून "ओके" म्हटलं, आणि तिनं ते खरं धरलं. ती तरी काय करणार, इथे ओके म्हणजे ओके. तुमची बायको चादर मुठीत धरून "चालेल" म्हणत असेल, तर तुम्ही सांगा की हिचं चालेल म्हणजे नऊ आहे. दुखणं कमी करायला श्वासातून ओढायचा गॅस आहे, पाठीतला एपिड्युरल आहे. घेतला म्हणून आईपण कमी होत नाही, नाही घेतला म्हणून कुणी शाल-श्रीफळ देत नाही. टाक्यांनी घाबरू नका, योनीमार्गे पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या दहांतल्या नऊ जणींना थोडीफार इजा होतेच.

जन्मल्या जन्मल्या बाळ आईच्या उघड्या छातीवर देतात. राहू द्या तसंच, व्हिडिओ कॉल तासाभरानं. पहिला घट्ट पिवळसर चीक बाळाच्या पोटात गेलाच पाहिजे. "ते दूध काढून टाकायचं असतं" असं गावाकडून कुणी सांगितलं तर हो म्हणा आणि पाजत राहा. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, मिडवाइफ ते मोजतात. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं आणि पाचव्या दिवसापासून रोज किमान सहा ओले डायपर, एवढा हिशेब तुम्ही वहीत ठेवा. बाळंतिणीला त्यात अडकवू नका.

मग येते पाचवी. इथे मिडवाइफ पाचव्या दिवशी घरी किंवा क्लिनिकमध्ये बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब कागदावर घेते. त्यातून सिकलसेल, थायरॉइडचा जन्मजात दोष असे गंभीर आजार वेळेत कळतात. गंमत अशी की ही मंडळी जन्माचा दिवस शून्य धरतात, म्हणजे त्यांचा पाचवा तो आपला सहावा. आमच्याकडे सकाळी टाच टोचली आणि रात्री आईनं पाटावर कोरा कागद नि पेन ठेवलं, सटवाईला नशीब लिहायला. दोन्हीकडची लेखनिक मंडळी एकाच दिवशी येऊन गेली. आई म्हणाली, तुमच्या बाईनं निदान रक्त घेतलं, आमची काही न घेता लिहिते.

आजी आणि मिडवाइफ यांचं सगळ्याच बाबतीत इतकं जमत नाही, आणि मध्ये तुम्ही उभे असणार. काही गोष्टींत मी निःशंक मिडवाइफच्या बाजूची आहे. मध वर्षाच्या आत बोटभरसुद्धा चाटवायचा नाही, त्यातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. गुटी नको, पाणी नको, सहा महिने फक्त दूध. काजळ नको, कित्येक काजळांत शिसं असतं. नाळेवर हळद नको, ती कोरडी राहिली की आपोआप पडते. झोपवायचं उताणं, आईबाबांच्याच खोलीत पण स्वतःच्या पाळण्यात, निदान सहा महिने. "डोकं चपटं होईल" म्हणून मोहरीची उशी येईल. ती आजीच्या मांडीवर ठेवा. ब्रिटनमध्ये 1991 साली बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम झाली आणि झोपेतले अचानक मृत्यू झपाट्यानं कमी झाले, हे सासूबाईंना एकदा बसून सांगा. खोली 16 ते 20 अंश पुरे. घरात झोपताना टोपरं आणि कुंची काढायची, बाळ जास्तीची उष्णता डोक्यावाटेच बाहेर टाकतं. हे आमच्या आईला पटायला तीन आठवडे लागले.

काविळीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आपल्या सावळ्या बाळांत ती चटकन दिसत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या दिवसाच्या उजेडात बघा. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, किंवा नंतर बाळ झोपाळू होऊन प्यायला उठेना, शी पांढुरकी झाली, तर लगेच फोन. "कोवळ्या उन्हात धरा" हा सल्ला नोव्हेंबरातल्या लीड्समध्ये तसाही निरुपयोगी. ऊन नाही म्हणूनच अंगावर पिणाऱ्या बाळाला व्हिटॅमिन डी रोज साडेआठ ते दहा मायक्रोग्रॅम आणि आईला दहा.

बाकी आजीचंच ऐका. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशेप, कढत पाणी, आयती ताटं: यातलं काहीही इथे कुणी देत नाही. शेगडीऐवजी गरम पाण्याची पिशवी. धुरी मात्र विसरा. आईनं वाटीत निखाऱ्यावर ओवा नि वावडिंग टाकलं आणि मिनिटभरात अख्ख्या मजल्याचा फायर अलार्म कोकलायला लागला. समोरची म्हातारी नाइटीवर बाहेर आली, आई वाटी पदराआड लपवून उभी, आणि बाळ या सगळ्यात गाढ झोपलेलं. "सव्वा महिना उठायचं नाही" हेही शब्दशः नको. बाळंतपणानंतर पायांत रक्ताच्या गाठी व्हायचा धोका वाढतो, विशेषतः सिझेरियननंतर. घरातल्या घरात चालायलाच हवं. पोटरी सुजून दुखली, ताप आला, रक्तस्राव अचानक वाढला तर हॉस्पिटलच्या नंबरवर किंवा 111 या आरोग्य-सल्ल्याच्या नंबरवर फोन करा. दम लागला, छातीत दुखलं किंवा रक्त थांबेचना, तर थेट 999, म्हणजे रुग्णवाहिका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती कारण नसताना रडेल. तुम्ही टॉवेल चुकीच्या खुंटीला लावला म्हणूनही. हे बहुतेकींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबलं नाही, झोप येण्यासारखी असून झोप लागेना, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर जीपीला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरला सांगा. आणि बाराव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे नेमकी बारशाच्या गडबडीत, हेल्थ व्हिजिटर, म्हणजे आई-बाळाची चौकशी करणारी नर्स घरी येते, तिच्यापासून लपवू नका. ती मूल काढून न्यायला आलेली नसते. आपल्याकडे तिच्यासाठी घर चकाचक करून "ऑल फाइन" म्हणायची पद्धत पडलीय, त्यात बाळंतिणीचं नुकसान होतं. बायको मात्र काही विचित्र बोलायला लागली, भास व्हायला लागले, तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर.

कागदपत्रांत दोन मुदती लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद 42 दिवसांत, म्हणजे बारशाला नाव ठरवून मग निवांत जाता येतं. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून घालायचं की नाही ते आधी ठरवा आणि स्पेलिंग तुमच्या पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा. दुसरी मुदत: दोघंही भारतीय पासपोर्टवर असाल आणि इथे कायमचा परवाना नसेल, तर इथे जन्मलं म्हणून बाळ ब्रिटिश होत नाही, आणि भारतीय व्हायला वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवावा लागतो. ही वर्षाची मुदत गेली की फार हेलपाटे होतात. बीसीजीचंही विचारून ठेवा, आई-वडील किंवा आजी-आजोबा भारतात जन्मलेले असले की इथे बाळाला ती लस देतात, साधारण चार आठवड्यांनी.

सासूबाई बॅग भरायला घेतील तेव्हा त्यांना सांगा, तूप आणू नका. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि तूप इथल्या दुकानात मिळतं. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेप आणा, लाडू इथे वळू, मी भाजायला उभा राहीन. आणि जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या, जितक्या मावतील तितक्या. तसली दुपटी इथे कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.