शाळेत न गेलेल्या आईची स्मरणशक्ती कशी तपासायची?

"मॅडम, आईला 30 पैकी 14 मार्क पडले. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालाय असं म्हणतात. पण ती शाळेतच गेलेली नाही, तर ही परीक्षा तिला लागू होते का?" मुलाच्या हातात दुसरीकडे झालेल्या तपासणीचा कागद होता. शेजारी त्याची आई, सत्तरी ओलांडलेल्या मावशी, पदर सावरत बसल्या होत्या.

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि तो रास्त आहे. कागदावरची चाचणी होती एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन), स्मरणशक्ती आणि आकलन तपासणारी, 1975 साली अमेरिकेत तयार झालेली. तिच्यात वाचून कृती करा, वाक्य लिहा, आकृती काढा याला प्रत्येकी एक गुण आणि शंभरातून सात-सात वजा करायला पाच. म्हणजे पाटी-पेन्सिल न धरलेल्या माणसाचे आठ गुण बसल्या जागी जातात. उरतात 22, आणि धोक्याची रेघ सहसा 24 वर असते!

म्हणून हरियाणातल्या बल्लभगड भागात 1990च्या दशकात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बांधली गेली. तिच्यात 'डोळे मिटा' असं वाचायला देत नाहीत, तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि 'मी करतो तसं करा' म्हणतो. वाक्य लिहायचं नाही, घराबद्दल काहीतरी सांगायचं. आठवड्याचे वार उलटे म्हणायचे.

मी त्याच धर्तीवर मावशींशी बोलले. तारीख विचारल्यावर गप्प झाल्या. तिथी विचारली तर लगेच म्हणाल्या, "आज बारस. काल एकादस धरली व्हती." बरोबर होतं. वार उलटे न अडखळता म्हटले. मुलाचा चेहरा खुलला.

पण आंबा, खुर्ची, नाणं हे तीन शब्द पाच मिनिटांनी विचारले तर एकही आठवेना. "कंचं नाणं, बाई?" शिक्षण नसल्यामुळे हे होत नाही. इथे 'आई अडाणीच आहे' म्हणून सोडून देणं मला तितकंच चुकीचं वाटतं.

अशा वेळी मी घरच्यांना विचारते: पूर्वी जमायचं आणि आता जमत नाही, असं काय? मुलाला काही सुचेना. सून दारातून हळूच म्हणाली, "रेघा चुकतात." मावशी चार घरी दुधाचा रतीब घालतात. हिशेब गोठ्याच्या भिंतीवर, कोळशाने, एका मापाला एक रेघ. वर्षानुवर्षं कुणाशी वाद नाही. गेल्या पाच-सहा महिन्यांत मात्र एका दिवसाच्या रेघा दोनदा, कधी अख्खा दिवस कोरा.

डॉक्टरांनी बी-12 जीवनसत्त्व, थायरॉइड, कान आणि डोळे तपासायला सांगितले, कारण यातल्या बिघाडानेही विसरभोळेपणा येतो किंवा तसा भास होतो. बी-12 खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू आहेत. फरक किती पडेल ते आत्ताच सांगता येणार नाही, हे मी मुलाला स्पष्ट सांगितलंय. रतीब बंद करू नका, असंही.

तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलंय. येताना सूनबाई भिंतीचे फोटो आणणार आहेत.