कोर्टाची पायरी : वकिलाचा अनुभव पारखायचा कसा?

प्रश्न : शेजाऱ्याने बांध कोरत कोरत आमच्या रानात तीन-चार फूट आत घेतलं. यंदा पेरणीच्या तोंडावर पूर्वापारची वाटही अडवली. आता दावा लावायचाच आहे. मुलगा म्हणतो, वीस-पंचवीस वर्षं वकिली झालेल्यालाच वकीलपत्र द्यायचं. पण इथे सगळेच अनुभवी म्हणवतात. दिवाणीचा चांगला वकील ओळखायचा कसा? तुम्ही स्वतः या कामात कशा तयार झालात?
— एक शेतकरी वाचक, ता. कराड

उत्तर : वर्षांचं आधी निकालात काढू. वकीलपत्रावर सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी सनद मिळाल्याचं साल. तेवढं बघितलं की किती वर्षं झाली ते कळतं. पण सनद जुनी म्हणजे माणूस कोर्टात मुरलेला, असं नाही. कुणाची हयात नोटरीचे शिक्के मारण्यात जाते, कुणी बँकेसाठी टायटल सर्च, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासायचं काम, करतो. कामं चांगली आहेत, तुमच्या बांधाला उपयोगाची नाहीत. पाटीवरूनही कळणार नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे ‘जमिनीच्या दाव्यांचे तज्ज्ञ’ असं पाटीवर लिहिताच येत नाही. लिहिलेलं दिसलं, तर चहा यायच्या आत उठा.

माझं म्हणाल तर मी साताऱ्याला दिवाणी बाजूच्या एका सिनिअरकडे उभी राहिले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सुरुवातीची वर्षं तारखा घेणं, पुरसीस (कोर्टाला लेखी कळवायचा कागद) देणं, नकलेचे अर्ज, बेलिफामागे फिरणं, यातच गेली. अण्णांनी मात्र एक सवय लावली. सातबारा हातात आला की आधी त्यावरचे वर्तुळातले फेरफार नंबर, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदींचे नंबर, बघायचे आणि एकेक फेरफार काढत मागे मागे जायचं. मयत कोण, वारस किती लागले, कुणा बहिणीचं नाव गळलं, हे सगळं तिथे सापडतं. आजही पक्षकार तावातावाने बोलत असतो तेव्हा माझं निम्मं लक्ष त्या वर्तुळांकडे असतं.

खरं शिकले ते उलटतपासात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २००२ च्या दुरुस्तीनंतर सरतपास, म्हणजे आपल्याच बाजूच्या साक्षीदाराची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो आणि ते प्रतिज्ञापत्र वकिलाच्या ऑफिसात टाइप होतं. त्यामुळे साक्षीदार स्वतःच्या तोंडाने बोलतो तो उलटतपासातच. वहिवाटीच्या एका दाव्यात वादीने लिहून दिलं होतं, कैक वर्षं ही जमीन मीच कसतो, ऊस घेतो. अण्णा उठले.

“ऊस कारखान्याला कुणाच्या नावावर जातो?”
“माझ्याच की.”
“नोंद याच गटाची का?”
वादी घुटमळला. “नाही. खालच्या गटाची.”
“या गटाला पाणी कुठलं?”
“विहिरीचं.”
“मोटर कुणाच्या मीटरवर?”
“प्रतिवादीच्या.”

अण्णा खाली बसले. ही जमीन वादी कसत नाही, हे एवढ्यात दिसलं होतं. मी मागून कुजबुजले, कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या दाखवायच्या ना? त्यांनी फाइल मिटली. अजून एक प्रश्न गेला असता तर ‘पैसे देऊन पाणी घेतो’ असं म्हणून गड्याने सगळं सावरून घेतलं असतं. कारखाना, नोंद, मीटर हे कायद्याच्या पुस्तकात नसतं. आदल्या रात्री पक्षकाराला समोर बसवून काढून घ्यावं लागतं.

म्हणून पारख करायची तर कोर्टात जा. दिवाणी कोर्टाचा दरवाजा सहसा सगळ्यांना उघडा असतो. ज्या वकिलाचं नाव मनात आहे त्याचा साक्षीपुरावा असेल त्या दिवशी मागच्या बाकावर बसा. ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात, तेही मुलाला करायला सांगा. दर तारखेला याच्याच बाजूने मुदतीचा अर्ज दिसत असेल तर काय ते समजा. (लांबलेल्या प्रत्येक दाव्याचा दोष वकिलाचा नसतो, हेही सांगून ठेवते. समन्स बजावणीतच वर्ष जातं.)

आणि पहिल्या भेटीत तो काय बोलतो यापेक्षा काय विचारतो, ते बघा. तुमच्या प्रकरणात पहिला प्रश्न यायला हवा तो मोजणीचा. भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी झाली आहे का, मोजणीनंतर मिळणारी नकाशाची क प्रत आहे का? तीन-चार फूट ही तुमची नजर. कोर्टाला नकाशा लागतो. दुसरं, बांध आणि वाट या दोन गोष्टी त्याने वेगळ्या करायला हव्यात. बांधाचं अतिक्रमण दिवाणी कोर्टात. पूर्वापारची वाट अडवल्याची दाद तहसीलदारांकडे, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली मागता येते. ती अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. वाट पेरणीच्या तोंडावर अडवली म्हणता, म्हणजे मुदत सुरू झालीच आहे. ‘आधी दावा टाकू, वाटेचं मागाहून बघू’ म्हणणारा कितीही पिकल्या केसांचा असो, त्याला वकीलपत्र देऊ नका. जिंकल्यावर जमिनीत हिस्सा मागणाऱ्यालाही नको. निकालावर फी ठरवायला वकिलांना मनाई आहे.

प्रश्न : मॅडम, मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जज व्हायचंय, पण आता तीन वर्षं वकिली सक्तीची झाली आहे. एखाद्याच्या ऑफिसात नुसतं नाव लावून चालेल का?
— एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : नाव लावून चालेल, असं सांगणारे भेटतील. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाप्रमाणे तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचा दाखला लागतो, नाहीतर किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा आणि त्यावर त्या अधिकाऱ्यांचं पृष्ठांकन, म्हणजे दुजोऱ्याची सही. ज्यांनी तुला कधी पाहिलंच नाही ते सही कशावर करतील? तालुक्याच्या कोर्टात उभी राहा. तिथे लवकर तोंड उघडायला मिळतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झाल्यामुळे आपल्याकडची बरीच मुलं थेट तिकडे निघाली आहेत. तू निदान दोन वर्षं खालीच काढ. पैशाचं आधी विचारून घे, लाजू नकोस. ग्रामीण भागात ज्युनिअरला महिना १५,००० रुपये द्यावेत, अशी बार कौन्सिल ऑफ इंडियाची २०२४ ची शिफारस आहे. शिफारसच आहे, त्यामुळे सगळे देतीलच असं नाही.