केस पेपरला आता हात लावू नका

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी छोटं प्रसूतिगृह चालवते. दहा दिवसांपूर्वी बाळंतपणानंतर एका मुलीला अतिरक्तस्राव झाला. मी, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर रात्रभर तिच्याजवळ होतो. जिल्ह्याहून रक्त आणलं, शेवटी १०८ने मेडिकल कॉलेजला पाठवलं. वाटेतच ती गेली. शवविच्छेदनाचा अहवाल यायचा आहे. नातेवाइकांनी काचा आणि सोनोग्राफी मशीन फोडलं, सिस्टरला मारलं. पोलिसांनी नुसती एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली आणि ‘दोघंही मिटवून घ्या’ म्हणाले. परवा वकिलाची नोटीस आली : ४० लाख रुपये आणि सगळे कागद हवेत. गावातले एक पुढारी १५ लाखांत मिटवतो म्हणतात. साडेअकरा ते एक या वेळातल्या नोंदी धावपळीत राहिल्या आहेत. एक सहकारी म्हणतात, ते पान नव्याने लिहून टाका. काय करू? तिच्या नवऱ्याला भेटावंसंही वाटतं.

उत्तर : डॉक्टर मॅडम, नमस्कार.

तुमच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तुमचं खरं नुकसान त्यातूनच होईल. ते पान पुन्हा लिहू नका. एक ओळही वाढवू नका. त्या रात्री नातेवाइकांनी केस पेपरचे मोबाइलवर फोटो काढले असतील, रेफरल चिठ्ठी तर त्यांच्याकडेच आहे. दोन प्रतींत फरक दिसला की उपचार बरोबर होते की चूक हा प्रश्न मागे पडतो आणि तुम्ही कागद बनवलेत एवढंच उरतं. शिवाय खोटा दस्तऐवज हा स्वतंत्र गुन्हा आहे. मरणाच्या दारातल्या बाईला वाचवताना दीड तास लिहायला कुणी मोकळं नव्हतं, हे न्यायाधीशांना समजतं. पुन्हा लिहिलेलं पान त्यांना पटवता येत नाही.

तो दीड तास दुसरीकडे नोंदलेला आहे, तो गोळा करा. रक्तपेढीची पावती आणि तिच्यावरची वेळ, १०८ला केलेल्या फोनची नोंद, तुमच्या मोबाइलचं कॉल रेकॉर्ड, मेडिकलची बिलं, भूलतज्ज्ञांचा कागद, सिस्टरची वही. मग आजच्या तारखेचं वेगळं निवेदन लिहा : काय झालं, कोणत्या औषधाचा किती डोस कधी दिला, आणि काय नेमकं आठवत नाही तेही. हे निवेदन तुमच्या वकिलांना उद्देशून असू द्या. केस पेपरला जोडू नका.

कागद मागितले आहेत ते मात्र द्यायलाच हवेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागणी आल्यापासून ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. नोटीस परवाची आहे, म्हणजे वेळ उरलेला नाही. पानांवर क्रमांक घाला, झेरॉक्स द्या, पोच घ्या, मूळ प्रत कपाटात कुलुपात. पोलिसांनी मूळ प्रत मागितली तर जप्तीचा पंचनामा केल्याशिवाय देऊ नका, आणि आधी पूर्ण संच काढून ठेवा.

आता तुमची भीती. अटक होईल का? जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. तपास अधिकाऱ्याने आधी शक्यतो सरकारी डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यावं, आणि अटक सरसकट करू नये. आपल्याकडे हे मत बहुधा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीकडून येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१)खाली वैद्यकीय प्रक्रियेतल्या निष्काळजीपणाला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे. काळजी करायची ती कलम १०५ची, म्हणजे सदोष मनुष्यवधाची. २०१८ साली रत्नागिरीतल्या एका डॉक्टर दाम्पत्याला मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. तिथे डॉक्टर गावात नव्हते आणि बाळंतिणीला फोनवरून औषधं सांगितली गेली, असा आरोप होता. तुम्ही पूर्ण वेळ तिथे होतात. म्हणूनच वरची जमवाजमव इतकी मोलाची आहे : तुमची हजेरी सिद्ध करणारा प्रत्येक कागद. कलम १०५ लागल्याचं कानावर आलं तर त्याच दिवशी वकिलाकडे जा.

१५ लाख देऊ नका. कलम १०६चा गुन्हा पक्षकारांनी आपसात मिटवता येत नाही. तो रद्द करायचा तर उच्च न्यायालयातच जावं लागतं. पुढाऱ्यांच्या हातात पैसे दिले तरी ना फिर्याद थांबेल, ना ग्राहक आयोग. तुमची इंडेम्निटी पॉलिसी (निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठीचा डॉक्टरांचा विमा) असेल तर विमा कंपनीला आजच लेखी कळवा. तिच्या परवानगीशिवाय जबाबदारी मान्य केली किंवा पैसे दिले तर कंपनी हात वर करू शकते. वकिलाच्या नोटिशीचं उत्तर तुमच्या वकिलांकडूनच जाऊ द्या. पुढे ग्राहक आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह आली की लेखी कैफियतीला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. हिली मल्टिपर्पज प्रकरणात (२०२०) घटनापीठाने सांगितलं आहे की ४५ दिवसांपुढे एक दिवसही वाढत नाही. चांगली बाजू असलेल्या डॉक्टरांचं म्हणणं निव्वळ उशिरामुळे वाचलंच जात नाही, याचा मला फार संताप येतो.

तोडफोडीचं प्रकरण या व्यवहारात अडकवू नका. ‘तुम्ही तुमची तक्रार मागे घ्या, ते त्यांची घेतील’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण ज्या सिस्टरने मार खाल्ला तिला कुणी विचारलं का? महाराष्ट्राच्या २०१०च्या कायद्यानुसार वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरची हिंसा हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फुटलेल्या यंत्राच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. एन.सी.वर थांबायचं कारणच नाही. या कायद्याचं नाव घालून पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पाठवा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. सिस्टरची सरकारी दवाखान्यात तपासणी झाली नसेल तर आजच करा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जायच्या आत हार्डडिस्क काढून ठेवा.

सोनोग्राफी मशीन दुरुस्तीला हलवण्याआधी पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या, समुचित प्राधिकाऱ्यांना लेखी कळवा. एफ फॉर्म (गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद) फाटले असतील तर पंचनाम्यात त्यांचा उल्लेख हवाच. या कायद्यात अपुऱ्या नोंदी हाच गुन्हा धरला जातो, आणि तोडफोडीतून ही तिसरी केस अंगावर यायला नको.

नवऱ्याला भेटण्याबद्दल. कायदा आड येत नाही, आणि तुमच्या मनात ते आलं हे मला योग्य वाटतं. पण एकट्या जाऊ नका, रुग्णालयातही बोलावू नका. दोन्ही घरांना मानणारं कुणीतरी वडीलधारं माणूस सोबत घ्या, त्या पुढाऱ्यांना नको. तिला वाचवायला काय काय केलं ते साध्या शब्दांत सांगा, दुःख व्यक्त करा. पैशांचा विषय निघाला तर ‘ते वकील बघतील’ म्हणा, आणि कुठल्याही कागदावर सही करू नका. बाराव्या-तेराव्याचे दिवस उलटू द्या, मग जा.