‘गहाळ’ लिहिलंत, तिथं घोळ झाला

प्रश्न : उत्तर गोव्यातल्या किनाऱ्यावर एकाने ‘आमचा फोटो काढता का’ म्हणत मोबाईल हातात दिला. तीन-चार फोटो काढून वळलो, तर टॉवेलवरची सॅक गायब. आत माझा 22 हजारांचा फोन आणि भाड्याच्या स्कूटरची चावी. पोलिसांनी ‘गहाळ’ अशी नोंद दिली, ती विमा कंपनी मानत नाही. चावीचे आठ हजार द्या म्हणत स्कूटरवाल्याने मूळ लायसन्स ठेवून घेतलंय. आता सांगलीत बसून काय करू?
— एक वाचक

उत्तर : त्या नोंदीवर सही करण्याआधी ती वाचलीत का? ‘गहाळ’ म्हणजे वस्तू तुमच्याच हातून हरवली. चोरच नाही, मग तपास कसला? परतीची गाडी गाठायची असते, समोरचा पोलीस म्हणतो ‘नव्या सिमकार्डाला एवढं पुरतं’, आणि माणूस सही ठोकून मोकळा होतो. सिमकार्डाला पुरतंही. विम्याचं कुणी बोललेलं नसतं.

अजून वेळ गेलेली नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू आहे. तिच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात असा, कुठेही घडो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. सांगलीतच झिरो एफआयआर नोंदवा, ती गोव्याकडे वर्ग होईल. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नाहीच घेतली फिर्याद, तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी.

फिर्यादीत फोटोचा प्रसंग जसा घडला तसा लिहा : कोण पुढे आला, तुमची पाठ कुठे होती, सॅक किती पावलांवर होती. ‘गहाळ’ची नोंद लपवू नका, सोबत जोडा आणि उशीर का झाला तेही सांगा. फोनचं बिल मात्र हवंच. पाच हजारांखालची चोरी आता अदखलपात्र आहे, त्यामुळे ‘जुनाच होता हो’ असलं काही बोलून बसू नका. खोक्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, घालून ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. चावीही सॅकमध्येच होती, हे फिर्यादीत लिहायला विसरू नका.

आता स्कूटर. मित्रांच्या फोटोंत नंबर प्लेट दिसतेय का पाहा. गोव्यात भाड्याच्या दुचाकीला काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतात. पांढरी प्लेट असेल तर ती खासगी गाडी, भाड्याने देताच येत नाही, आणि मग तुम्ही आरटीओचं नाव काढलंत तरी त्याचा सूर बदलेल. चावी तुमच्या ताब्यातून गेली, तेव्हा रास्त खर्च तुमच्याकडे लागतो. पण कुलूप बदलल्याचं बिल दाखव म्हणावं, आठ हजार हवेत कशाला? आणि पैशांसाठी लायसन्स अडकवून ठेवायचा त्याला काहीएक अधिकार नाही. तसं लेखी कळवा, रजिस्टर पोस्टानेच.

तोवर डिजीलॉकर या सरकारी ॲपमधलं लायसन्स चालतं. डुप्लिकेट काढायच्या घाईत मात्र अर्जावर ‘हरवलं’ लिहू नका. ते कुणाकडे आहे, तुम्हाला ठाऊक आहे.