कार्डाचा मूळ कूलर काढण्यापूर्वी वॉरंटीचे उत्तर लेखी घ्यावे

नमस्कार. आपण इंदूरमधील घरचा संगणक पाण्याने थंड ठेवण्यासाठी केलेली यादी वाचली: आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्ड, कोअर आय७ १४७००के प्रोसेसर, जुन्या तयार लिक्विड कूलरमधून काढलेला २४० मिमीचा रेडिएटर, चिपची उष्णता पाण्याला देणारे तांब्याचे ब्लॉक, पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या आणि त्यांतून फिरणारे दुधाळ पांढरे द्रव, म्हणजे कूलंट. आपला प्रश्न नळ्या वाकवण्याचा आणि रंगाचा आहे. पण शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे की, कार्डाचा मूळ कूलर काढला तरी वॉरंटी राहते, असे दुकानदाराने सांगितले आहे. ती ओळ वाचली आणि उत्तर लिहायलाच हवे असे वाटले, कारण या छंदात माझे सर्वांत मोठे नुकसान पाण्याने नव्हे, तर नेमक्या याच तोंडी आश्वासनाने केले. पंप कसा जोडावा, केबल कशा ओढाव्यात हे आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालतो.

मी ब्लॉक बसवण्याआधी कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारले होते. कार्डाला इजा झाली नाही तर हरकत नाही, असे स्पष्ट उत्तर मिळाले. पुढे कार्डाचे डिस्प्ले आउटपुट बंद पडले, तेव्हा मी मूळ कूलर, उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड, स्क्रू सगळे जागच्या जागी बसवून कार्ड सेवा केंद्रात नेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी ते दिव्याखाली धरले, भिंग घेतले आणि मागच्या चार स्क्रूंपैकी एकावरचा चणाडाळीएवढा पांढरा गोल सील-स्टिकर पाहिला. तो फाटलेला होता. कार्ड मशिनला लावून पाहण्याचीही तसदी न घेता त्यांनी पावतीवर 'ग्राहकाकडून छेडछाड' असा शेरा मारला. फोनवरच्या संभाषणाची नोंद आमच्याकडे नसते, हे त्यांचे दुसरे वाक्य, आणि वरिष्ठ बाहेरगावी आहेत, हे तिसरे. त्यानंतर मी पाठवलेल्या प्रत्येक ईमेलला त्याच शेऱ्याची प्रत उत्तर म्हणून येत राहिली आणि कार्ड शेवटी दुरुस्तीविनाच परत मिळाले. स्टिकर फाटला म्हणून डिस्प्ले बंद पडत नाही. दोष कशामुळे आला हे न तपासताच जबाबदारी झटकणे हा ग्राहकावर अन्याय आहे, असे माझे आजही ठाम मत आहे.

म्हणून नळ्या जोडायची फिटिंग मागवण्याआधी कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करा. त्यात कार्डाचा मॉडेल क्रमांक आणि सीरियल क्रमांक द्या आणि एकच प्रश्न विचारा: मूळ कूलर काढून वॉटर ब्लॉक बसवला आणि कार्डाला इजा झाली नाही, तर वॉरंटी चालू राहील का? उत्तर 'धोरणानुसार ठरेल' असे गोलमोल आले, तर तो नकार समजावा आणि वॉरंटी संपेपर्यंत फक्त प्रोसेसर पाण्यावर न्यावा, हे उत्तम. कूलर काढतानाचे अखंड चित्रीकरण ठेवा, त्यात सीरियल क्रमांक दिसू द्या. पॅड कुठल्या जागेवरचे ते लिहून पाकिटात जपून ठेवा.

नकार मिळालाच, तर तो कारणासह लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. मी वकील नाही आणि माझा अनुभव एका कार्डाचा आहे; सगळ्या कंपन्या अशाच वागतात असे मी म्हणणार नाही. तरीही खरेदीची पावती, ईमेल आणि चित्रीकरण हाताशी असले, की समोरच्याला स्टिकरपाशी थांबता येत नाही.

आता आपल्या यादीकडे वळतो. जुना रेडिएटर कृपया वापरू नका. तयार कूलरमधले रेडिएटर बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि ब्लॉक तांब्याचे. दोन्ही धातू एकाच पाण्यात आले, की गॅल्व्हॅनिक गंज सुरू होतो, अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत साठतो. गंजरोधकाने हे लांबते, टळत नाही. शिवाय आकारही पुरणार नाही. कार्डाची मर्यादा ३२० वॅट आणि प्रोसेसरची टर्बोमध्ये, म्हणजे सर्वाधिक वेगात, २५३ वॅट आहे. खेळताना प्रोसेसर इतका तापत नाही, तरी पंखे शांत ठेवायचे असतील तर रेडिएटरच्या १२० मिमीच्या प्रत्येक भागामागे साधारण १०० वॅट धरावेत. तांब्या-पितळेचे ३६० मिमीचे दोन रेडिएटर बसवावेत. एवढी जागा कॅबिनेटमध्ये नसेल, तर कॅबिनेट बदलावे, रेडिएटर कमी करू नये.

हा आग्रह आपल्या शहरामुळे आहे. परदेशी चित्रफितींतले आकडे २०-२२ अंशांच्या खोलीतले असतात, आणि इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. एसी नसलेली खोली ३६ अंशांवर असेल आणि चांगल्या मांडणीत पाणी तिच्यापेक्षा १० अंश वर राहत असेल, तर ते ४६ अंश झाले. रेडिएटर अपुरा असेल तर पन्नाशी सहज पार होईल. डी५ प्रकारच्या पंपासाठी पाण्याची मर्यादा ६० अंशांची आहे, आणि त्याच्या आसपास पीईटीजीही नरम पडू लागते. म्हणून मी आपल्या जागी असतो, तर कडक नळ्यांचा हट्ट सोडून ईपीडीएम रबराची काळी मऊ नळी घेतली असती. ती दिसायला साधी असते, पण उन्हाळ्यात निर्धास्त राहता येते. सियागंज बाजारात मीटरवर मिळणारा पारदर्शक पाइप मात्र घेऊ नका. त्याला मऊ ठेवणारे रसायन, प्लास्टिसायझर, पाण्यात उतरते आणि ब्लॉक चिकट होतो.

घरात वाळ्याचा कूलर असेल, तर कोरड्या उन्हाळ्यात त्याने खोलीचे तापमान उतरते आणि पाण्यालाही लाभ होतो, परंतु झोत संगणकावर थेट घेऊ नये. नर्मदेच्या पाण्यातले क्षार तुषारांबरोबर बोर्डावर बसतात.

दुधाळ कूलंटला माझा विरोध आहे. त्याचा रंग तरंगत्या कणांमुळे असतो, ते कण कालांतराने खाली बसतात आणि सर्वांत आधी ब्लॉकच्या खाचा अडवतात. डिस्टिल्ड पाण्यात जंतुनाशक आणि गंजरोधक असलेले पारदर्शक कॉन्सन्ट्रेट घालावे. घरच्या आरओचे पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतातच. दवा बाजारात प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्यांकडे डिस्टिल्ड पाण्याची चौकशी करावी.

यादीसोबतच्या आपल्या आकृतीत कार्डानंतर लगेच रेडिएटर यावा म्हणून नळी कॅबिनेटभर फिरवली आहे, त्याची गरज नाही. मिनिटाला एक लिटर वाहणारे पाणी सुमारे ७० वॅटने एक अंश तापते; प्रवाह चार लिटर असेल तर पूर्ण भारावरचे कार्डही त्याला एखाद्या अंशानेच तापवते. रेझर्व्हायर, म्हणजे पाण्याची टाकी, पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा वर असला, की बाकीचा क्रम नळी जिथे आखूड पडेल तसा ठेवावा. फिटिंगवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, सील रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, करते आणि टेपचे तुकडे पंपात जातात. अ‍ॅक्रिलिकच्या भागांत बसणाऱ्या फिटिंगला पाना लावू नका, हातानेच आवळा.

पाणी भरण्याआधी हवेच्या दाबाने गळती तपासा, अर्धा बार पुरतो, आणि सर्वांत खालच्या बिंदूला निचऱ्याचा व्हॉल्व्ह ठेवा. ब्लॉक मागवण्यापूर्वी एवढे करा: कार्डाचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि मागच्या लेबलवरची आवृत्ती इथे लिहा. ४०८० या एकाच नावाखाली वेगवेगळ्या कंपन्यांचे बोर्ड वेगळे आहेत, आणि एकाचा ब्लॉक दुसऱ्यावर बसत नाही. आपले कार्ड ब्लॉकच्या सुसंगतता यादीत आहे की नाही, हे मी पाहून सांगेन.