अमेरिकेत सोरोरिटी रशच्या आठवड्यात मन कसं सांभाळावं?

सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना आणि रश म्हणजे तिथली नव्या सदस्यांची निवड. आधी जेवण आणि झोप. अलाबामासारख्या विद्यापीठात रश ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याआधी असतो. उकाडा, तासन्‌तास उभं राहणं, घरोघरी, म्हणजे एकेका सोरोरिटीत, तेच तेच बोलणं. संध्याकाळचं रडू बऱ्याचदा नुसत्या थकव्याचं असतं. एखाद्या घरानं पुढच्या फेरीला बोलावलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. काही मिनिटांच्या गप्पांत तू कोण आहेस हे कुणालाच कळत नाही. टिकटॉक तेवढे दिवस बंदच ठेव. तुमच्या गटाची रो गॅमा, म्हणजे रशमध्ये मुलींना मार्गदर्शन करणारी विद्यार्थिनी, तेव्हा स्वतःच्या सोरोरिटीपासून अलग राहते, म्हणून तिच्याशी मोकळेपणानं बोल. मध्येच बाहेर पडता येतं. नंतर काही घरं खुली भरतीही करतात. जीव नकोसा वाटला तर ९८८ या हेल्पलाइनला फोन कर, अगदी मध्यरात्रीही.