आधी वही, मग यादी

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. जूनचा दुसरा आठवडा उलटला, या वर्षात पाहिलेल्या पक्षीजातींच्या तुझ्या यादीची गाडी २८७ वर अडली, पुढचा माणूस ३२० च्या वर गेला, ग्रुपवर रोज कुणाचा तरी नवा फोटो. आणि शेवटी पानांतल्या त्या चिमुकल्या पक्ष्याबद्दल एकच ओळ: "काका, मार्चमधला तो पर्णवटवट्या मोजू ना?"

नाही. काढून टाक.

त्या सकाळी सोबत असलेल्या ज्यांनी आपली यादी तुला पाठवली त्यांनी पक्षी पाहिला असेल. तू दहा पावलं मागे होतीस आणि तुला फक्त पानं हललेली दिसली, हे तूच लिहितेस. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर सामायिक यादी स्वीकारली की तिच्यातल्या सगळ्या जाती आपल्या खात्यात चढतात. जी आपण पाहिली-ऐकली नाही ती आपल्या प्रतीतून काढायची असते, त्याने पाठवणाऱ्याच्या यादीला धक्का लागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. २८६ तर २८६.

आणि हा प्रश्न मुळात पडला का? कारण त्या सकाळची तुझी वही कोरी आहे. वही असती तर तिच्यात आवाज असता. हिरवट पर्णवटवट्या 'चि-वी' असं दोन तुकड्यांत बोलतो, हिरवा पर्णवटवट्या 'चि-रु-वी' असं तीन तुकड्यांत. झाडाखाली उभं राहून देवनागरीत ती अक्षरं लिहिली असतीस तर आज मला विचारावं लागलं नसतं. जूनमध्ये बसून मार्चचा आवाज आठवता येत नाही. आठवतो तो यूट्यूबवर नंतर ऐकलेला.

म्हणून पुन्हा सांगतो: आधी वही, मग यादी. पुस्तक उघडण्याआधी लिही, फोन बघण्याआधी लिही, शेजारच्याला नाव विचारण्याआधी लिही. वेळ, अंतर, उजेड कुठल्या बाजूने, किती पक्षी, काय दिसलं आणि काय दिसलं नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पाणलावा उडाला, पंखाची मागची पांढरी कड दिसली, तर तो साधा पाणलावा. कड दिसलीच नाही आणि कड नव्हती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संध्याकाळी घरी बसून लिहिलंस की दोन्ही एक होतात आणि यादीत एक जात फुकट वाढते.

माळावरच्या भोवत्यांचं, त्या शिकारी पक्ष्यांचंही तेच. दोनशे मीटरवरून तपकिरी मादी गेली की लगेच "पांढुरका भोवत्या" म्हणायची घाई. कानामागच्या गडद डागाला लागून मानेभोवती फिकट पट्टा स्पष्ट दिसला का? नसेल तर पांढुरका आणि माँटेग्यूचा भोवत्या या दोन सारख्या दिसणाऱ्या जातींची मिळून जी एक नोंद करता येते ती कर. तिने आकडा वाढत नाही, पण ती खरी असते.

आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगणाऱ्या मर्लिन ॲपबद्दल तू लिहिलं नाहीस, तरी तुझ्या याद्यांवरून कळतं. फोनने नाव दाखवलं की तू टिक करतेस. पल्लवपुच्छ कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, पर्णपक्षीही नकला करतात, आणि फोन बिचारा ऐकलेलं सांगतो. नाव दिसलं की त्याला सूचना समज आणि पक्षी शोध. नाहीच दिसला तर तीस-चाळीस सेकंद ध्वनिमुद्रण कर, शेवटी स्वतःच्या आवाजात वेळ आणि जागा बोल. ऐकलेला पक्षी मोजता येतो, पण तो तू ओळखलेला असला पाहिजे.

आता घाबरण्याबद्दल. जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षात हिवाळे दोन असतात, पावसाळा एक. जानेवारीत हुकलेली बदकं, कुरव, भोवत्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुन्हा मिळतील. भिगवण कुठे पळून जात नाही. त्यांची काळजी आत्ता करणं म्हणजे दिवस वाया घालवणं. आत्ता कोकणात नवरंग सकाळ-संध्याकाळ शीळ घालतोय. वीण आटोपली की गप्प होईल, मग समोर असून सापडणार नाही. तिबोटी खंड्या ओढ्याकाठी आलाय. त्याच्या बिळासमोर फोटोवाल्यांच्या रांगेत उभी राहू नकोस, आवाज वाजवून बोलावू तर मुळीच नकोस. ओढ्यापासून दूर बस, तो बारीक धारदार आवाज करत खालून उडत जातो. तेवढं पुरे, लिही आणि ऊठ.

जुलै-ऑगस्टमध्ये वादळी वाऱ्यानंतरच्या दोन दिवसांत किनारा चाल. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, समुद्रावर जाता येत नाही, पण दमलेले समुद्री पक्षी वाळूवर येऊन पडतात. सापडला तर पाण्यात परत ढकलू नकोस. भोकं पाडलेल्या खोक्यात, कोरड्या अंधारात ठेव आणि वनखात्याला कळव. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे शनिवार-रविवार आजच मोकळे ठेव: वाटसरू पक्ष्यांचा तो मुख्य हंगाम आहे, बोटीने समुद्रावर जायचंही तेव्हाच. कुणाच्या दुर्मीळ पक्ष्याच्या बातमीवर सहाशे किलोमीटर धावण्यापेक्षा हे दिवस जास्त देतात.

अमेरिकन पक्षीनिरीक्षक नोआ स्ट्रायकरने २०१५ मध्ये ४१ देशांत ६०४२ जाती नोंदवल्या. पुढच्याच वर्षी डच पक्षीनिरीक्षक आर्यन द्वार्शाऊसने तो आकडा मागे टाकला. आकड्यांचं आयुष्य एवढंच असतं. तुझाही कुणीतरी मोडेल, आणि मोडावाच.

मला हट्टी म्हणतात, माहीत आहे. नव्या मुलांना नाउमेद करतो असंही म्हणतात. पण माझ्या जुन्या वह्यांत पानंच्या पानं संध्याकाळी आठवून लिहिलेली आहेत, त्यातली एकही नोंद मी आज कुणासमोर ठेवू शकत नाही. ज्या नदीकाठांवर ते पक्षी होते तिथे आता भराव पडलाय, आणि तिथे काय होतं याचा माझ्याकडे पुरावा नाही. याला हट्ट म्हणायचं तर म्हणा. तुझी २८७ वाली यादी मला तशी नको आहे.

तर या रविवारी बाहेर जाऊ नकोस. यादी उघड. ज्या जातीपुढे "कुणीतरी सांगितलं" किंवा "फोन म्हणाला" यापलीकडे काही लिहिता येत नाही, ती काढ. मला वाटतं पंधरा-वीस जातील. रडू येईल, तरी काढ. त्यातल्या बहुतेक हिवाळी आहेत, नोव्हेंबरमध्ये नीट बघून परत घेशील.

आणि पुढच्या वेळी आकडा कळवू नकोस. वहीच्या तीन पानांचे फोटो पाठव, चिखल लागलेला असला तरी चालेल.

तुझा,
काका